जिन्याखालचं कपाट

प्रिय अहो,

तुम्ही होतात तेव्हा कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता कुठून घेऊ? 'अहो'च लिहिते. लिहायला बसले, कारण आपल्या सुशीला आज न्हाण आलं. आपल्या लेकीला! आणि दुपारी तिनं जिन्याखालचं कपाट स्वतःच्या हातांनी मोडलं. आता ती त्या जागेत बसली आहे आणि मी वर पायरीवर बसून हे लिहिते आहे. माझ्यानं दुसरं काहीच होत नाही हो.

ती जागा मी कशी विसरेन? या देवळी गावच्या घरात नवी नवरी म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी ती तिरपी, अंधारी खोबण दाखवली. "कावळा शिवला का इथं बसजो. ताट सरकवून देईन." त्याही तिथंच बसल्या होत्या, त्यांच्या सासूही. जरा ताठ बसलं की डोकं पायरीला लागायचं. वरून कुणी चढलं की केसांत माती पडायची. तुम्ही माडीवर जाताना चपला हातात घेऊन हलके पाय टाकायचात. मला कळायचं, पण त्या चार दिवसांत तुमच्याशी बोलायचीही चोरी होती.

मग सात वर्षांची सुशी वाकून त्या खोबणीत शिरली आणि माझ्या मांडीवर बसली, तो थंडीतला दिवस आठवतो? सासूबाईंनी तिला विटाळ झाला म्हणून डोक्यावरून गार पाणी ओतलं. पोर काकडून निळी पडली. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. उन्हाळा लागला तसे शाळेतला खडू घेऊन आलात आणि जिन्याखालच्या भिंतीवर रेघा मारू लागलात.

मास्तर ते मास्तरच! वाढई करवत खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, हे कपाट हाये का भूमितीचा पेपर?" उंच बाजूला ज्वारीचं पिंप, मधे लोणच्याच्या बरण्यांसाठी फळ्या, पार निमुळत्या टोकाला छत्र्या आणि कंदील. वर तीन कवाडं, उतरत्या मापाची. वीतभरही जागा मोकळी ठेवली नाहीत.

"अन् बायकांनी बसावं कुठी?" सासूबाई कडाडल्या.

"घरात बसतीन, माय. तिथं आता जवारी बसन."

"धा पिढ्या बसल्या तिथं!"

"म्हनूनच म्हंतो, पुरे झालं."

मी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होते. अहो, काय सुखाचे दिवस होते ते! कवाडं पावसाळ्यात फुगली, लोणचं काढायला तुम्हाला पाय लावून ओढावी लागायची, आणि तुम्ही वाढईला शिव्या घालायचात. लग्नानंतर पहिल्यांदाच मी सबंध महिनाभर, एकही दिवस न चुकता, तुम्हाला माझ्या हातानं वाढलं.

आणि तो पावसाळा सरायच्या आत तुम्हाला विषमज्वरानं नेलं. काऊन हो, काऊन असं झालं? मी किती वेळा विचारलं असेल, कुणी सांगत नाही.

तेराव्याला सासूबाईंनी सगळ्यांदेखत त्या कपाटावर डोकं आपटलं. "यानंच खाल्लं माह्या पोराले! घरभर विटाळ कालवला, देव कोपला!" पोटचा गोळा गेलेल्या बाईला मी काय म्हणणार? पण एकही फळी हलवू दिली नाही. मग दर महिन्याला भांडण. त्यांनी वेगळी चूल मांडली, मी मांडू दिली. वर्षं गेली तशा त्याच थकल्या आणि चूल एक झाली. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट, माझे ते दिवस आहेत हे ठाऊक असून मलाच म्हणाल्या, "यमुने, बरणीतलं लोणचं काढ वं." मला वाटलं, जिंकलो आपण. केवढी वेडी मी!

तेराव्याला खांबाआड आठ वर्षांची सुशी धाकट्या भावाला, अरुणला मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती, हे कुणाच्या ध्यानात होतं?

आज बालवाडीत शिकवून घरी आले तर अंगणात बरण्या मांडलेल्या, पिंप आडवं, सांडलेल्या ज्वारीवर कोंबड्या तुटून पडलेल्या. वरवंट्यानं ठोकून ठोकून फळ्या उचकटल्या होत्या. सासूबाई उंबऱ्यात रडत होत्या. "म्या नाई सांगितलं वं. म्या म्हनलं, राहू दे, आता कोनी नाई बसत. आयकूनच नाई राह्यली."

मी वाकून हात पुढे केला तशी सुशी भिंतीला चिकटली. "आई, मले शिवू नको! तू बसली नाई म्हनून बाबा गेले. आता अरुणले काई झालं तं?"

अहो, एवढीशी पोर हे पोटात घेऊन जगत होती! माझ्या त्या चार दिवसांत मी देवापुढं दिवा लावला की ती धावत जाऊन अरुणचं कपाळ चाचपायची. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे, बहिणीची माया पाहा!

एक बोलू? रागावू नका. तुम्ही भिंतीचं माप घेतलंत, पायरीचं घेतलंत, पण हे कशासाठी चाललंय ते पोरीला जवळ घेऊन का नाही सांगितलंत? लाजेची गोष्ट म्हणून या घरात कुणीच तिच्याशी बोललं नाही. जागा बुजवली की बसायचं संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? किती भोळे हो तुम्ही!

मी सांगितलं, विषमज्वर पाण्यातून होतो, डॉक्टर म्हणाले होते. तर म्हणे, "डॉक्टरले काय मालूम?" सासूबाईंनी हात जोडले नातीपुढं, "म्या दुःखात बोलली वं माय, खोटं होतं ते." ती आजीकडे पाहतसुद्धा नाही. तुमचं ऐकलं असतं तिनं. तुम्हीच नाही.

सासूबाईंशी भांडता तरी येत होतं. हिच्याशी कशी भांडू? ती भावाचा जीव वाचवते आहे. मी हरले हो, पार हरले.

दिवेलागण झाली. ताट बाहेरूनच सरकव, म्हणाली आहे. नाही सरकवणार. मी ताट घेऊन आत जाते, तिला पोटाशी धरते आणि माझ्या हातानं भरवते. ओरडेल, ढकलेल, अरुणच्या नावानं टाहो फोडेल. उद्या अरुण हसतखेळत उठला तरी तिला पटेल असं नाही, आणि त्याला साधी सर्दी झाली तरी ती माझं तोंड पाहणार नाही. हे सगळं कळून जाते आहे. तुम्हाला वचन देते, तुमच्या लेकीला या घरात कुणी शिवलं नाही असा एकही दिवस मी जाऊ देणार नाही. मग तिनं मला जन्मभर माफ नाही केलं तरी चालेल.

तुमची,
यमुना