दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली

३ मार्च, सकाळी
नाही, आधी माझं पूर्ण ऐकून घे, मग तोंड वाकडं कर. पिवळा दिवा लागला म्हणजे गाडी संपली असं कुठे लिहिलंय? लाल असता तर गोष्ट वेगळी. हे तुला सांगतोय, कारण तू वही आहेस. बायकोला सांगून झालं. ती फक्त म्हणाली, मेकॅनिककडे टाक.

मुद्दा असा. सतरा तारखेला तिची नवी नोकरी सुरू. लॅब शहराबाहेर, हायवेला लागून. गाडीच्या तपासणीचा कागद त्याच्या आधी संपतोय, आणि कागदाशिवाय हायवेवर अडवतात. तिला पहिल्या दिवशी स्वतःची गाडी स्वतः चालवत जायचंय. हे ती सहा महिने म्हणतेय. आणि आज डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र पेटलं. चित्र म्हणजे काय, नळाला चाकं लावल्यासारखं काहीतरी.

'चेक इंजिन' म्हणतोय ना? केलं चेक. बॉनेट उघडलं. इंजिन आहे. बंद केलं.

४ मार्च
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, बॅटरीची वायर काढ, दहा मिनिटांनी लाव. लावली. दिवा गेला! सोबत घड्याळ गेलं नि बायकोची रेडिओ स्टेशनंही गेली. ती म्हणाली, वा, छान दुरुस्ती. टोमणा होता, पण त्यात थोडं कौतुक होतं.

५ मार्च
दिवा आला. स्टेशनं नाही आली.

७ मार्च
स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढा. स्टिअरिंगखाली खोचायचा, फोनवर गाडी बोलायला लागते. आयुष्यात पहिल्यांदा यंत्राशी माझं असं नातं जुळलंय.

कोड आला. अर्थ शोधला. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. एवढंच? मला वाटलं काहीतरी वाईट असेल. हवा चांगलीच असते.

तरी जबाबदार माणूस म्हणून उपाय केला. आजपासून काचा पूर्ण बंद.

८ मार्च
बायको घामाने निथळत उतरली. म्हणाली, इंजिनाची हवा खिडकीतून जाते का रे? मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. तिने रुमाल माझ्या अंगावर फेकला.

संध्याकाळी फोनवरच्या स्कॅनरच्या ॲपमध्ये एक बटण सापडलं. 'क्लिअर'. दाबलं. दिवा गुल. एवढं सोपं असताना मेकॅनिक लोक दिवसभर गाडीखाली झोपून काय करतात?

१० मार्च
नवा नेम. सकाळी ती खाली यायच्या आत जायचं, दाबायचं, वर येऊन चहा टाकायचा. दिवा असो वा नसो, दाबायचं. दात रोज घासतोच ना? दुखले तरच असं थोडंच असतं?

ती म्हणाली, खरंच दुरुस्त झाली? मी नम्रपणे मान हलवली. तिने आईला फोन करून सांगितलं की ह्याने स्वतः केलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, कोणी? पण शेवटी मानलं. ऑफिसमध्ये आता मला लोक गाडीचं विचारतात. एकाला काचा बंद ठेवायला सांगितल्या.

१४ मार्च, दुपारी
तपासणी. लायनीत उभा असतानाच शेवटचं एकदा क्लिअर केलं. निर्धास्त.

इन्स्पेक्टरबाईंनी त्यांचं यंत्र जोडलं, पाहिलं, परत जोडलं. म्हणाल्या, गाडीला काहीच आठवत नाहीये. मी म्हटलं, दिवा नाहीये ना पण? त्या म्हणाल्या, गाडी चालता चालता स्वतःच्या परीक्षा घेत असते. तुम्ही पुसलंत की सगळं पहिल्यापासून. तुमच्या गाडीने एकही पेपर पूर्ण लिहिलेला नाही. कोरा पेपर दिला म्हणून मी पास करत नसते.

मागच्या माणसाने हॉर्न वाजवला. बाईंनी विचारलं, कितीदा पुसलंत? मी म्हटलं, एखाददा. त्या हसल्या. चांगल्या आहेत स्वभावाने. म्हणाल्या, उद्या दुपारी बंद व्हायच्या आत या, तोवर भरपूर चालवा, पण पुसू नका.

बायकोला म्हटलं, उद्या गाडी फिरवून परत दाखवायचीय, यंत्रात थोडी गडबड होती. कोणाच्या, ते तिने विचारलं नाही.

१५ मार्च
सकाळपासून दोघं गाडीत. ती चालवतेय, मी फोन धरून बसलोय. एकसारखा वेग, मग सिग्नल, परत एकसारखा वेग. एकेक परीक्षा पूर्ण झाली की ॲपमध्ये हिरवी खूण. तिसऱ्या खुणेला तिने टाळी मागितली. काचा उघड्या होत्या. मी चालवून घेतलं. ती सोमवारचं बोलत होती, नवीन मायक्रोस्कोप, पार्किंगला तिचा नंबर. फार मजा आली.

चार खुणा झाल्या. एकच राहिली. तेवढ्यात दिवा लागला.

आणि माझं बोट, मी नाही, माझं बोट, बटणावर गेलं.

दिवा विझला. चारही खुणा विझल्या.

तिने गाडी कडेला घेतली. मला वाटलं ओरडेल. ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागली. बराच वेळ हसली. मग माझ्या फोनमध्ये रोज सकाळच्या 'क्लिअर'ची यादी पाहिली आणि डोळे पुसत म्हणाली, अरे बाळा, ती बिचारी दोन आठवडे सांगतेय काय दुखतंय, आणि तू रोज सकाळी जाऊन तिचं तोंड दाबतोयस. आणि मला म्हणालास दुरुस्त केली.

यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. त्याऐवजी रुमाल दिला.

१७ मार्च
ती पहिल्या बसने गेली. डबा स्वतःच भरला. जाताना माझ्या फोनमधून ॲप काढून टाकलं, पासवर्ड न विचारता. नंतर मेसेज आला. पोचले, तासभर लवकर, वॉचमनबरोबर बसलेय. पुढे हसरा चेहरा होता. म्हणजे रागावलेली नाही. किंवा तो वॉचमनसाठी असेल.

गाडी घेऊन गेलो मेकॅनिककडे. दिवा मस्त पेटलेला. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, कुठूनतरी सूं सूं आवाज येत होता तिथे बोट ठेवलं. रबराची एक नळी फाटलीय म्हणाला, तिथून हवा ओढतेय. आवाज मोठा आहे, इतके दिवस कोणी ऐकलं कसं नाही?

मी म्हटलं, गाडी माझी नाही. मित्राची आहे. त्याला यातलं काही कळत नाही, पण मनाने चांगला आहे. आणि जमलं तर रेडिओची स्टेशनं तेवढी लावून ठेवा, त्याच्या बायकोची आहेत.

किल्ली टेबलावर ठेवली आणि त्याने तोंड उघडायच्या आत बाहेर पडलो.