भिंतीबाहेरची जागा

बुधवार, २५ एप्रिल १९७३

प्रिय विजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच चुलीत घातलंस तर तो तुझा हक्क आहे. पण उघडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती. सहा वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. ऊसतोडीवरून तुमची टोळी आता परतली असेल या अंदाजाने हे कानिफच्या गावच्या पत्त्यावर टाकतो आहे. पाथर्डीकडे पाण्याची काय दशा आहे ते एस.टी.ने येणाऱ्या माणसांकडून कळतं. इकडेही वेगळं नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळीतली निम्मी माणसं रोज खडी फोडायला जातात, शाळेत पोरं येतात ती दुष्काळात वाटतात त्या सुकडीपुरती. सगळ्या विहिरी आटल्या, फक्त कानिफने आणि त्याच्या भावांनी खणलेल्या मिशनच्या विहिरीत अजून दीड परस, म्हणजे माणूस बुडेल इतकं, पाणी आहे. अख्खं गाव तिच्यावर जगतं आहे. हे त्याला सांग. मी त्याच्या तोंडावर त्याच्या कामाचं कधी बरं बोललो नाही.

ती विहीर चालली होती तेव्हा तू नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातून सुट्टीला आली होतीस. दुपारी ताकाची चरवी घेऊन मजुरांकडे जायचीस. मला त्यात काही दिसलं नाही. आई नसलेल्या मुलीकडे बापाने जसं लक्ष द्यावं तसं मी दिलंच नाही. माझं लक्ष मंडळीकडे, लोक काय म्हणतात त्याच्याकडे. मग कचेरीत जाऊन कानिफशी लग्नाची नोंदणी केल्याची तुझी चिठ्ठी आली. ती मी वडीलमंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवली आणि सभासदांच्या यादीतलं तुझं नाव माझ्या हाताने खोडलं. मंडळातले आप्पासाहेब मला म्हणाले होते, पाळकसाहेब, घाई करू नका, पोरगी आहे तुमची. मी ऐकलं नाही. पुढे कळलं की कानिफच्या घरच्यांनीही तुम्हांला वेगळं काढलं, आणि ट्रेनिंग अर्धं टाकून तू कोयता घेऊन उसाच्या फडात उभी राहिलीस. मी म्हणालो, पेरलं ते उगवलं. असं मी खरोखर म्हणालो, विजू, चारचौघांत म्हणालो.

आता बातमी. आपली साळूबाई गेली. तुझ्या आईच्या बाळंतपणाला तीच सुईण होती, तुला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिने. माझ्याही आधी. शेवटपर्यंत देवळाची घंटा तीच वाजवायची, झाडलोटही तिचीच. पवित्र सप्ताहाच्या मंगळवारी तिला जास्त झाल्याचं कळलं म्हणून मी आणि आप्पासाहेब प्रार्थनेला गेलो. प्रार्थना झाल्यावर तिने मला खूण करून जवळ बसवलं आणि म्हणाली, “मला भिंतीच्या भाईर ठिवा. ते लेकरू चार वरसं एकलंच हाय तिथं.”

आप्पासाहेबांनी तिला समजावलं. तू जुनी सभासद, तुझा नवरा आत कबरस्तानात आहे, तुझी जागा त्याच्या शेजारी. तिने मान हलवली. “आत लई मानसं हायेत. तिकडं कोनी न्हाई.” मला ती काही बोलली नाही. बोल लावावा असं तिच्या मनातही नसावं. तिला खरंच तेवढीच काळजी होती.

चार वर्षांपूर्वी त्या सकाळी काय झालं ते तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण ते मी कधी कुणापुढे उच्चारलेलं नाही. उजाडत होतं. रस्त्यावर तुमच्या टोळीच्या बैलगाड्या थांबल्या होत्या. तू दारात उभी होतीस, पदरात गुंडाळलेलं बाळ छातीशी, मागे कानिफ. तू म्हणालीस, “बाबा, पहाटे वाटेत गेला. याला आईच्या कबरीजवळ ठेवू द्या.” लग्नानंतर दोन वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ते एवढंच. आणि मी पायरीवरून खाली न उतरता विचारलं, बाप्तिस्मा झाला आहे का. तू नाही म्हणून मान हलवलीस. मी म्हणालो, बाप्तिस्मा नसलेल्याला कबरस्तानात जागा देता येत नाही, नियम आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. रडली नाहीस, भांडली नाहीस. भांडली असतीस तर कदाचित मी मोडलो असतो. कानिफने कुदळ मागितली, तीही मी दिली नाही. साळूबाईने आणून दिली. मी आत गेलो, दार लावलं आणि उघडं पवित्र शास्त्र पुढ्यात घेऊन बसलो. भिंतीपलीकडून कुदळीचे घाव ऐकू येत होते. मी ते मोजत नव्हतो, पण थांबले तेव्हा मला कळलं. तो रविवार होता. नऊ वाजता मी झगा घालून उपासना चालवली.

साळूबाई बुधवारी दुपारी प्रभूकडे गेली. गुरुवारी सकाळी वडीलमंडळ बसलं. आप्पासाहेब अडून होते. बाप्तिस्मा घेतलेली, चाळीस वर्षं घंटा वाजवलेली बाई भिंतीबाहेर का म्हणून? बाहेरची जागा बाप्तिस्मा नसलेल्यांची, तसा नियम आहे, पाळकसाहेबांनीच सांगितला होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की नियमांचं पुस्तक काढा आणि तो नियम वाचून दाखवा, म्हणजे वाद मिटेल.

विजू, वाचून दाखवायला काही नव्हतंच. असा नियम आपल्या मंडळीत कधी नव्हता. माझ्या आधीच्या पाळकांच्या वेळची अशी चार लेकरं आत, आपापल्या माणसांजवळ आहेत. मला ठाऊक होतं, नोंदवही माझ्याच कपाटात आहे. तो नियम मी त्या सकाळी पायरीवर उभा राहून, तुझ्या तोंडाकडे बघत केला. मला तुला शिक्षा करायची होती, आणि देवाचं नाव हाताशी होतं.

गुरुवारीही माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, मरणाऱ्याची इच्छा आहे, तसं करू, पुस्तक राहू द्या. संध्याकाळी साळूबाईला बाहेर ठेवलं. जमीन इतकी तापून कठीण झालेली की चार गडी दुपारपासून खणत होते. तुझ्या बाळाची जागा तिने दगड लावून राखली होती, शेणाने सारवायची असं दिसलं. मी तिकडे चार वर्षांत पहिल्यांदा गेलो होतो. माती देताना म्हणायची वाक्यं मला पाठ आहेत, पण मध्येच आवाज गेला. लोकांना वाटलं ऊन लागलं. आप्पासाहेबांनी पुढचं वाचलं.

उत्तम शुक्रवारी देऊळ भरलं होतं. प्रवचन लिहून तयार होतं. मी व्यासपीठावर चढलो, कागद उघडले, आणि परत मिटून खाली उतरलो. झगा काढून खुर्चीवर ठेवला आणि लोक बसतात त्या सतरंजीवर उभा राहून सगळं सांगितलं. तुझी चिठ्ठी, ती सकाळ, नसलेला नियम. आप्पासाहेब खाली मान घालून बसले होते. मग बायकांच्या बाजूने लंकाबाई उठली. तू असताना ती लहान मुलगी होती, आता तिचं लग्न झालं आहे. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी दोन दिवसांचं होऊन गेलं. तिने विचारलं, “मग आमचं लेकरू शेतात का हाय, पाळकसाहेब?”

ती आणि तिचा नवरा तेव्हा माझ्याकडे आलेच नव्हते. नियम आहे असं त्यांच्या कानावर होतं, म्हणून विचारलंही नाही. गुपचूप आपल्या तुकड्यात नेऊन ठेवलं. मला हे माहीतच नव्हतं. मी तुझ्यासाठी उचललेला दगड तिलाही लागला होता. ती देवळातून निघून गेली, तिच्यामागे आणखी काही माणसं गेली.

पश्चात्तापावर मी तीस वर्षं बोलत आलो. दुसऱ्यांना तो कसा करावा हे मला चांगलं सांगता यायचं. त्या दुपारी घरी येऊन मी प्रार्थनेला गुडघे टेकले आणि एक शब्द फुटेना. चार वर्षं माझ्या प्रार्थना तोंडातून निघून छपराला लागून खाली पडत होत्या, हे मला आतून ठाऊक होतं. पण निदान शब्द तरी होते. आता तेही गेले. मी जमिनीवर पालथा पडून रडलो, तुझी आई केशर गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. आणि रडताना केव्हातरी जाणवलं की ऐकणारा तिथे आहे. त्याने मला काही सांगितलं नाही. मला बरंही वाटलं नाही. पण तो होता, आणि मी त्याच्यासमोर पाळक नव्हतो, काहीच नव्हतो. तुला हे कोरडं वाटेल. मला ते उन्हात मैलभर चालून आल्यावर मिळालेल्या पाण्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी लंकाबाईचा नवरा आला. म्हणाला, आमची मालकीण बोलावतेय, शेतात येता का. मी गेलो. नांगरून पडलेलं रान, हिरवं पान नाही. लंकाबाई बांधावर उभी होती. तिने आधी एका बाभळीजवळ जागा दाखवली, मग म्हणाली नाही, थोडं अलीकडे, मग आणखी अलीकडे. नक्की कुठे ते तिला सांगता येईना. दोनदा नांगर फिरला होता. मी तिथेच ढेकळांत बसलो आणि त्या दोघांची क्षमा मागितली. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. म्हणाली, “प्रार्थना करा. त्याचं नाव शमुवेल हुतं, नाव घिऊन करा.” मी नाव घेऊन केली. उठलो तेव्हा तिने घरून आणलेल्या मातीच्या मोगीतलं पाणी मला ओंजळीत ओतलं. यंदाच्या वर्षी, विजू, शेतावर आणलेलं पाणी.

रविवारी पुनरुत्थानाच्या सणाला मी सतरंजीवर बसलो. प्रभुभोजन घेतलं नाही. उपासना शेवगावच्या पाळकांनी येऊन चालवली. नगरला वरिष्ठांना सगळं लिहून कळवलं आहे, ते काढतील किंवा ठेवतील. माझ्यानंतर मंडळीत पुन्हा कुणी तो नियम सांगू नये म्हणून आप्पासाहेबांनी नोंदवहीत तसं लिहून सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. लंकाबाईचा अंगठा त्यात पहिला आहे.

उपासनेनंतर मी भिंतीबाहेर गेलो. साळूबाईची माती अजून ताजी होती, तिच्याजवळ ती लहानशी जागा. मी बसलो, डोळे मिटले, तुझ्या बाळाला प्रभूच्या हातात द्यावं म्हणून तोंड उघडलं आणि तिथेच अडलो. मला त्याचं नाव माहीत नाही. तू दारात ‘गेला’ म्हणालीस, तेवढ्यावरून तो मुलगा होता एवढं मला ठाऊक आहे. साळूबाईला नाव माहीत असणार, पण चार वर्षांत मी तिलाही विचारलं नाही, आणि आता ती सांगू शकत नाही. मी त्याचा आजोबा, विजू. त्याचा चेहरा मी पाहिला नाही, कारण तू पदर बाजूला करायच्या आत मी बाप्तिस्म्याचं विचारलं. हे पत्र मी क्षमेसाठी लिहिलेलं नाही. ती मागायलाही मला तोंड नाही, आणि तू दिली नाहीस तरी तुझं काही चुकणार नाही. घरी ये असंही म्हणत नाही. एक कार्ड टाक. त्यावर खुशाली नको, मायना नको. तुला कार्डाला हात लावावासा वाटला नाही तर कानिफला लिहू दे. तुमच्या बाळाचं नाव काय होतं, तेवढा एक शब्द मला कळव.

बाप म्हणवून घेण्याची लायकी न उरलेला, तरीही तुझाच,
बाबा