'नेफ्रायटिस'ची नोंद

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर नाही म्हणून तू माझ्या नावाने खडे फोडत असशील. आधी कान पकडतो, मग लिहितो.

आमचा वैद्यकीय शब्दकोश 'न'पर्यंत आला. संपादकांचा नियम ऐकून हसशील: प्रत्येक नोंद छपाईआधी चहावाल्या मावशींना वाचून दाखवायची. त्यांना कळली तरच पास. भल्याभल्या डॉक्टरांना त्यांनी नापास केलंय.

मागच्या महिन्यात माझी पाळी होती. नोंद 'नेफ्रायटिस', म्हणजे मूत्रपिंडाचा दाह. मी ऐटीत वाचलं: ग्रीक भाषेत 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड. 'आयटिस'चा अर्थ मुळात नुसता 'त्याच्यासंबंधीचा'. दाह हा अर्थ वैद्यांनी पुढे त्याला चिकटवला.

"म्हणजे आधी नुसतं बोट दाखवलं, आत आग आहे हे मागाहून कळलं," मावशी म्हणाल्या.

पास! मग लक्षणं वाचली. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पावलं सुजणं, लघवीला फेस.

मावशींनी किटली खाली ठेवली. "दादा, हे आरशात बघून लिहिलंत का? पंधरा दिवस बुटांच्या लेस सोडून हिंडताय."

सगळे हसले. मीही हसलो. पण ताई, मी खरंच स्वतःकडे बघून लिहिलं होतं.

तुला का नाही कळवलं? बाबांच्या आजारपणात तू नोकरी सोडलीस, चार वर्षं त्यांच्या उशाशी बसलीस. आता कुठे तुझ्या शिवणाच्या दुकानाचा जम बसतोय. माझं कळलं की तू शटर ओढून निघशील, या धास्तीने मी डॉक्टरकडेही गेलो नाही. आजार कळला तर तुला सांगावा लागेल, म्हणून जाणूनच घेतला नाही. शब्दकोश लिहिणाऱ्याची अक्कल बघ!

दुसऱ्या दिवशी मावशींनी जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या, मीठ कमी, दर महिन्याला तपासणी. ताजा रिपोर्ट चांगला आहे. अळणी जेवणाला नावं ठेवण्याइतका तरतरीत झालोय, आणि खरं सांगू, मजेत आहे.

दुकान बंद करू नकोस. रविवारी मात्र ये, आणि संध्याकाळी परत जा. सेवा नको. समोर बसून चार शिव्या घाल. हे सगळं एकट्याने वागवताना फार घाबरलो होतो गं.

तुझा,
इथून पुढे आधी तुलाच सांगणारा,
धाकटा