तुझ्या सिनेमाचा शेवट

प्रिय धाकट्या,

तुझ्या सिनेमाला मिळालेल्या बक्षिसाची बातमी पेपरात वाचली. अभिनंदन. फोटोत वाळलेला दिसतोस, आणि ती दाढी तुला शोभत नाही, पण ते सांगायला आता तुझ्याभोवती पुष्कळ माणसं असतील. फोनच करणार होते. पण फोनवर तू "ताई, कामात आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही. फार तर न वाचता ठेवून देशील, पण तो तुझा स्वभाव नाही. लहानपणी तर दुसऱ्यांची पत्रंसुद्धा तू आधी वाचायचास.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते जास्त. भाची हॉस्टेलवर असते, कपडे धुवायला तेवढी घरी येते. मी अजून त्याच लॅबमध्ये. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल" असं सांगायचं. लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीनं गेल्या वर्षी मला ओढत एका ठिकाणी नेलं. तेव्हापासून माझ्या आयुष्यात एक शनिवार दुपार आली आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे ड्रायव्हिंग स्कूल आहे ना, त्याच्या वरच्या खोलीत दर शनिवारी पाच-पंचवीस सिनेमावेडे जमतात. एका भिंतीवर वळणांच्या आणि थांब्याच्या खुणांचे तक्ते, दुसऱ्या भिंतीवर पांढरी चादर, आणि चादरीवर सिनेमा. तिथले मास्तर आठवडाभर लोकांना क्लच शिकवतात आणि शनिवारी स्वतः मशीन लावतात. दाताचे एक डॉक्टर आमचे सेक्रेटरी. त्यांना प्रत्येक सिनेमात काहीतरी खोल सापडतं. सवयच ती, किडका दात दिसला नाही तर चैन पडत नाही. आणि एक शेवटकाकू आहेत. खरं नाव मला अजून माहीत नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्या शेजारच्याला शेवट सांगून टाकतात, म्हणून हे नाव.

नव्या माणसाला तिथं एक परीक्षा द्यावी लागते. उभं राहून एक सर्वांत आवडलेला सिनेमा सांगायचा आणि एक अजिबात न कळलेला. तुला आठवतं, आपली ही परीक्षा बाबा घ्यायचे? टॉकीजमधून घरी चालत येताना तुझा हात त्यांच्या एका हातात, माझा दुसऱ्या, आणि वर तोंड करून उत्तरं द्यायची. काय आवडलं, काय कळलं नाही. ती बाई चुकीच्या स्टेशनवर उतरते आणि पुढं सिनेमात तिचं कोणी नावच काढत नाही, तो सिनेमा पाहून तू रडकुंडीला आला होतास. तू म्हणालास, "मला सगळं कळलं." बाबा हसले नाहीत. म्हणाले, "न कळणं ही काही लाज वाटायची गोष्ट नाही रे. पण कळल्याचं सोंग करू नये." मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उभी राहून त्याच बाईचा सिनेमा सांगितला. दाताच्या डॉक्टरांनी लगेच तिचा अर्थ समजावला. तो मला त्या बाईपेक्षाही कमी कळला. पण बाबा गेल्यानंतर सिनेमा या विषयावर मी तोंड उघडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि घरी येताना बरं वाटत होतं, हे तुला खरं सांगते.

मी तुझी बहीण आहे हे तिथं मैत्रिणीलासुद्धा माहीत नाही. आडनाव सासरचं, आणि चेहऱ्यानं मी आईवर गेले, तू बाबांवर. आपणहून सांगावं असं वाटलं नाही. तुझा तो सिनेमा मी पाहिला नव्हता. तू पास पाठवलेस तेव्हा डोळ्यांचं निमित्त सांगितलं. सिनेमा कशावर आहे ते मला ठाऊक होतं आणि ते सगळं मी एकदा फुकटात पाहिलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी फळ्यावर पुढच्या शनिवारचा सिनेमा लिहिला, तो तुझा. न जावं तर मैत्रीण विचारणार. गेले.

काम चांगलं झालंय. ते म्हातारे नट कोण आहेत माहीत नाही, पण त्यांनी बाबांचं चालणं हुबेहूब उचललं आहे. घरोघरी वाकून विजेचे मीटर वाचणाऱ्या माणसाची ती मान, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, परक्याच्या ओट्यावर चढून "रीडिंग घ्यायला आलोय" म्हणणं. लोक त्या जागी हसले. मलाही हसू आलं. बाबा पहिल्यांदा असे शेजारच्या घरात शिरले आणि त्यांच्या फ्रीजचा आकडा लिहून घेऊ लागले, तेव्हा आपणही हसलो होतो. डोक्यातून हळूहळू सगळं जात होतं, आपण गेलो, आई गेली, नोकरी तेवढी राहिली. तू ते छान दाखवलंस. तुझ्या सिनेमात त्यांना आंघोळ मुलगा घालतो. एकुलता एक मुलगा. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला आडवा हात धरतो. तो हात माझा, धाकट्या. चार वर्षं माझा होता. तुला ते कसं ठाऊक, याचं नवल वाटलं, कारण तू सणावारी पाहुण्यासारखा यायचास आणि बाहेरच्या खोलीत बसायचास. दारातून कधीतरी बघितलं असशील. गोष्टीत माणसं कमी करावी लागतात, बहीण जास्तीची झाली असेल, असं मी मनाला सांगितलं. शेजारी मैत्रीण डोळे पुसत होती आणि पुटपुटत होती, "असा मुलगा असावा." मी तिला माझा रुमाल दिला.

मग शेवट आला. मुलगा फोनवर बोलत बोलत दाराकडे येतो. हात वर करून वरची कडी खाली ओढतो. दार उघडतो, आणि मागं वळून बघतो. खोलीत म्हातारा बूट घालून, पिशवी अडकवून उभा आहे. मुलगा त्याला बघतो. मग जिना उतरून जातो. दार तसंच. तू कॅमेरा त्या दारावर किती वेळ ठेवला आहेस. मग नावं सुरू झाली.

दिवे लागल्यावर वाद जुंपला, कारण आमच्या फळ्यावर तुझा सिनेमा 'न कळलेले' या बाजूला होता. डॉक्टर म्हणाले, दार म्हणजे मुक्ती. शेवटकाकूंचं म्हणणं, मुलगा मुळात नाहीच, तो म्हाताऱ्याच्या मनात आहे. मशीन बंद करता करता मास्तर म्हणाले, "अहो, दार लावायला विसरला तो. माणूस फोनवर असला की हँडब्रेक विसरतो, दाराचं काय घेऊन बसलात." सगळे हसले. मैत्रीण मात्र म्हणाली, "विसरला कसा? वळून बघितलं ना त्यानं." मी मास्तरांना म्हटलं, शेवटचं तेवढं परत लावा. त्यांनी लावलं. लोकांना वाटलं, मी तुझ्या सिनेमाची फारच वेडी आहे.

बाबा गेले तेव्हा तू काय सांगितलं होतंस, ते तुझ्याच शब्दांत लिहिते. "मी आंघोळीला गेलो होतो, बाबांनी दार गदागदा हलवलं, कडी ढिली होती, ती आपोआप खाली पडली." माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, तेवढ्या दिवसांपुरते बाबा तुझ्याकडे ठेवले होते. त्यांचे खांदे आखडलेले, हात कानाच्या वर जात नव्हता, म्हणून ऑपरेशनच्या आधी मी आपल्या सुताराला तुझ्या घरी नेऊन दाराच्या वरच्या अंगाला ती कडी बसवून घेतली. तुला दाखवली, तुझ्याकडून लावून काढून घेतली. तू वैतागून म्हणालास, "ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी बाबा तुझ्या घरातून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बंद गोदामामागे सापडले, मीटरच्या पेटीखाली भिंतीला टेकून बसलेले. मला हॉस्पिटलच्या खाटेवर कळलं. टाके ओले होते, रडायलासुद्धा पोट धरावं लागत होतं.

लोक भेटायला आले तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "ऑपरेशन काय पळून जात होतं? पोरीनं थोडं थांबायला हवं होतं." तू माझ्या शेजारी बसला होतास. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, दुःखानं. खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि मी ते फुटू दिलं, कारण मलाही तेच वाटत होतं. कडी मी बसवून घेतली, नीट पाहून घ्यायला हवी होती. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले की निघताना त्यांच्या दाराची कडी हलवून बघते. तुझे भाऊजी म्हणतात, ही चोरांची टेहळणी करते. सुताराशी आपल्या घरानं बोलणं टाकलं. त्याला बोलावणं बंद झालं, रस्त्यात दिसला की तोच खाली बघून जायचा. सिनेमा पाहिल्यानंतर मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, कडीत काही दोष नव्हता, आमची चूक झाली. तो रंधा मारत होता. "जाऊ द्या ताई, झालं त्याला आता काय," म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. मला बस म्हणाला नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

मग मी तुझ्या मुलाखती शोधून शोधून वाचल्या. प्रत्येकजण तुला तेच विचारतो, तो दार मुद्दाम उघडं ठेवतो की विसरून? आणि तू प्रत्येकाला हसून एकच उत्तर देतोस, "ते प्रेक्षकांनी ठरवावं." एकानं त्या उत्तराचं फार कौतुक केलंय. जे घरातल्या माणसाला सांगायची तुझी छाती झाली नाही, ते तू तिकीट लावून गावोगाव दाखवलंस, आणि तेही असं, की पाहणाऱ्याला वाटावं हे कोडं आहे. कोडं नाही ते. जगात एकच माणूस ती कडी ओळखेल, हे तुला माहीत होतं. तरी तू मला पास पाठवलेस. मी यावं असं तुला वाटत होतं की येऊ नये असं, हेही मला आता कळत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. आमच्या डॉक्टरांनी तुला बोलावलं आणि तू हो म्हणालास. या शनिवारी तू ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या खोलीत बसणार आहेस. कुठली गल्ली ते तुझ्या लक्षात आलं नसेल, माझ्या घरी येऊन तुला बरीच वर्षं झाली. शेवट परत लावायला सांगणारी मी एकटीच, म्हणून पहिला प्रश्न विचारायचा मान सगळ्यांनी मला दिला आहे. तो प्रश्न मी तिथं विचारणार नाही. बाबांचं मरण त्या फळ्यावर लिहून त्यावर डॉक्टरांची मतं ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून इथं विचारते. त्या संध्याकाळी तू वळून पाहिलंस, तेव्हा ते बूट घालून उभे होते का? शुक्रवारी ये आणि माझ्यासमोर बसून सांग. विसरलास असं म्हणालास तर मी ऐकेन. मुद्दाम म्हणालास तरी ऐकेन, चार वर्षं बाबांचं करताना माझ्याही मनात काय काय येऊन गेलं ते मला माहीत आहे, तेवढं तुला समजून घेणारं दुसरं कोणी मिळणार नाही. माफ करेन असं मात्र समजू नकोस, ते मी आत्ता सांगू शकत नाही. यायचं नसेल तर डॉक्टरांना कळव की शूटिंग निघालं, आणि शनिवारीही येऊ नकोस. पण शुक्रवारी न येता शनिवारी थेट खुर्चीवर येऊन बसलास, तर मी उभी राहीन आणि या लोकांना एवढंच सांगेन की याला एक बहीण आहे.

तुझीच,
ताई