वॉलनट रंगाची खोली

जव्हार, सोमवार, ८ जुलै १९१२
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: बाळंतिणीची खोली वीस दिवसांत पुरी करणे. खाली सागवानी फळ्या, रंगाची शेड हुबेहूब पुढच्या खोलीसारखी. तिथली फळ्यांची जमीन आमच्याआधी राहणाऱ्या जंगलखात्याच्या साहेबाने घातली. काळसर तपकिरी, आरशासारखी. उंबऱ्यावर उभे राहून जोड कुठे आहे हे कळता कामा नये.
सौ. राहीला आठवा लागून दहा दिवस झाले. पहिलेच बाळंतपण. वैशाखात तिचा भाऊ नाशिकला न्यायला आला होता, मीच पाठवली नाही. म्हटले, अशी खोली करतो की तुमच्या नाशकात नसेल. आता पावसाने मोखाड्यापुढे बैलगाडी जात नाही. त्यामुळे तो प्रश्न मिटला.

१३ जुलै
देवजी सुताराने खोडाळ्याकडचा साग आणला. बेसनासारखा पिवळा! तो म्हणाला, रावसाहेब, नवा साग असाच असतो, दोन वर्षं पाय फिरले की आपोआप काळा पडेल. मी त्याला शास्त्र समजावले. तो रंधा मारत राहिला.

१९ जुलै
फळ्या बसल्या. चार फळ्यांवर काताचे पाणी लावून पाहिले. राही दारात येऊन म्हणाली, कोणी पान खाऊन थुंकलं का? गरोदरपणी नजरेत फरक पडतो, असे कुठेसे वाचले आहे.

२२ जुलै
हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा कीस. दुसऱ्या चार फळ्या. शाईसारख्या झाल्या. पुढच्या खोलीशी जवळजवळ जुळतात, मधले दार लावून घेतल्यावर.

२६ जुलै
देवजीने सगळे पुन्हा रंधून काढले. म्हणाला, दोन खोल्या दोन रंगांच्या असल्या तर बाळाला काय कळणार? मी म्हणालो, प्रश्न बाळाचा नाही. नंतर वाटले, वाक्य जरा चुकले.

३१ जुलै
मुंबईहून डबा आला. ‘वॉलनट’ व्हार्निश, म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा रंग. चोवीस तासांत वाळते असे डब्यावर चक्क छापले आहे. पहिला हात मी स्वतः दिला.

४ ऑगस्ट
वाळले नाही. दोष हवेचा. खोलीतले सामान पुढच्या खोलीत रचले आहे, म्हणून राही चुलीशेजारी झोपते. धुराने खोकते. आज म्हणाली, मला नाशिकला जायचंय. एवढेच. म्हटले, चार दिवस थांब.

१० ऑगस्ट
व्हार्निशवर पांढरी साय आली आहे. एक पाल चिकटली. देवजीने सोडवली, शेपूट राहिले.
गोजाबाई सुईण खोली बघायला आली. एक पाऊल टाकले, ते आवाज करून सुटले. ती सगळ्यांनाच अरेतुरे करते. म्हणाली, बायकोला माशी समजतो कं तू? हितं नाय ठेवायची तिला. अडाणी बाई. फिनिश म्हणजे काय, तिला काय माहीत.

१८ ऑगस्ट, रविवार, दुपारी दोन
आज शेवटचा हात. सुरुवात दारापासून केली, म्हणजे उंबऱ्यावरची शेड नीट जुळवता येते. जुळली! मी आता खिडकीजवळच्या कोपऱ्यात आहे. योजनेत चूक नाही, फक्त दार पलीकडे राहिले. खिडकीला गज आहेत. शेड टिपायला वही-पेन्सिल आणली होती, ती बरी पडली. चोवीस तास म्हणजे फार नव्हेत.

साडेतीन
स्वयंपाकघरातून राहीची हाक. पुन्हा हाक. वेळ आली वाटते, दहा दिवस आधीच. अंगणात देवजी होता, त्याला खिडकीतून ओरडून सांगितले, गोजाबाईला आण. तो धावत सुटला.
मी जावे का? नऊ पावले, नऊ ठसे. भिंतीतून विचारले, फार दुखतंय का? ती म्हणाली, तुम्ही कुठे आहात? म्हणालो, इथेच आहे.

पावणेपाच
गोजाबाई आली. दारातून तिने मला पाहिले आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

साडेपाच
गेलो. सहाच पावले झाली. एक वहाण तिथेच चिकटली. घसरलो, हात टेकले, सदरा गेला. स्वयंपाकघराचे दार गोजाबाईने आतून लावले होते. ठोठावले. ती म्हणाली, आता नको. तेवढ्यात बाळ रडले.

२० ऑगस्ट
मुलगी. दोघी सुखरूप.
राहीने देवजीला बोलावून सांगितले, मला धुरातून हलवा. गोजाबाईने आणि देवजीच्या बायकोने, नवशीने, माती-शेण कालवून खोली उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत सारवली. मी हरकत घेतली. कोणी ऐकले नसावे. शेगडी ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत वाळलेसुद्धा. देवजी म्हणतो, शेण इतकं पक्कं बसलेलं त्याने जन्मात पाहिलं नाही, खाली काहीतरी चिकट असलं की असं होतं.

२३ ऑगस्ट
माझ्या अंगाला व्हार्निशचा वास आहे. बाळ शिंकते म्हणून उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. रॉकेलने घासले, रिठ्याने घासले, चिकणमाती लावून बसलो. वास जात नाही. आतून राही म्हणाली, वास गेला की या, घाई नाही. मुलीला अजून पाहिलेले नाही.
नवशी आत जाऊन आली होती. तिला काही विचारायचा धीर झाला नाही, म्हणून देवजीला विचारले, रंग कसा आहे?
तो म्हणाला, शेणाचा असतो तसा.
मी मुलीचा विचारत होतो.