मधलं अक्षर

६ मार्च २०१६, आंगोस्तुरा
चावी सापडली! पाकिटातच होती. तरी केवढी रडले. आईचं विसरणं चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं. मला सेहेचाळीस. काही हरवलं की वाटतं — आलं!

११ मार्च
नववीला मणी ओवायला दिले. जनुकातला तीन अक्षरांचा शब्द, शब्दाला एक अमिनो आम्ल, म्हणजे एक मणी; माळ झाली की प्रथिन. जी-ए-ए ला लाल. एक कार्टं म्हणालं, "बाई, अक्षर चुकलं तर?" शेवटचं चुकून जी-ए-जी झालं, तर मणी लालच. मधलं चुकून जी-सी-ए झालं, तर निळा. "हात्तिच्या! एका मण्यानं काय बिघडतंय?"
आमच्या घराण्यात त्याच एका मण्यानं काय बिघडतं ते गावाला ठाऊक आहे. कुणी हसलं नाही. पोरानं जीभ चावली.

२० मार्च
नूबियाकडे जेवले. धाकटी बहीण माझी. मक्याच्या अरेपा छान, घेवडा खारट — मीठ दोनदा. तिचा नवरा तिला चिडवत म्हणाला, "प्रेमात पडलीस की काय गं पुन्हा?" सगळे हसले, मीही. तिला काय होतंय! ती बाबांवर गेलीय.
आमच्याकडे ठरलेलंच — आजाऱ्याचं तोंड ज्याला, आजारही त्यालाच. मी हुबेहूब आई. आत्या वेणी घालताना म्हणायची, "दोरिस, पुढची तूच गं बाई." म्हणून नूबियाचं लग्न झालं, पोरं झाली. म्हणून मी आर्गेमिरोला लग्नाला नाही म्हटलं. "मी सांभाळीन की तुला!" म्हणाला होता. तेच तर नको होतं.

२२ मार्च
नूबिया शाळेत आली, फुरंगटून. "रविवारी जेवायला का आली नाहीस?"
अगं, तूच वाढलंस ना!

९ एप्रिल
दोघींनी मेदेयीनला जाऊन जनुक-तपासणीसाठी रक्त दिलं. आमच्यातले बहुतेक निकाल विचारत नाहीत. आम्ही विचारणार. बसमध्ये नूबिया माझाच हात थोपटत होती. "घाबरू नकोस ताई, मी आहे ना."

२८ मे
तिचं मधलं अक्षर बदललेलं. माझं शाबूत.
माझं शाबूत!
चेहऱ्याची अक्षरं एकीकडे, हे एक अक्षर दुसरीकडे — दरवर्षी फळ्यावर लिहिते मी! आणि घरी येऊन आरशावर विश्वास ठेवला. मूर्ख बाई.

२९ मे
बाजारात आर्गेमिरो. धाकटी लेक कडेवर. "बरी आहेस ना, दोरिस?"
"बरी आहे."
खरंच बरी आहे रे. पहिल्यापासून बरीच होते. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले.

३० जून २०१९
नूबियाचे केस विंचरत होते. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.
"आई! कुठे होतीस गं इतके दिवस?"
"इथेच होते, बाळा," म्हटलं.