व्हय म्हणल्याबिगर बंद नाय

ता. ४, सोमवार
आजपासून खिडकीवरचं रजिस्टर बंद, हातात टॅब. सोळा वर्षं या फोन ऑफिसात तक्रारी मीच लिहिल्या. दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकाला फोन लावायचा, चालू झालं का? तिकडून व्हय आलं की मगच रजिस्टरात काट. आता नुसतं बटन दाबलं की तक्रार बंद. चार तासांत नाय दाबलं तर टॅबवर ती लाल. नव्या मॅडम म्हणल्या, "मावशी, लाल कमी ठेवा. महिन्यानं बघू खिडकीवर कोण बसायचं."
बघू म्हणजे? मी सातवीपर्यंतच शिकले म्हणून?

ता. ६
सुनेनं टॅब शिकवला. दोनदा तिच्यावर खेकसले. तिसऱ्यांदा जमलं.

ता. ७, गुरुवार
मुकुंदवाडीच्या कुलकर्णी बाईंची तक्रार लाल व्हायला दहा मिनिटं. आमचा लाइनमन शेखभाई फोनवर, "आपा, दबा देव, मैं रस्तेमें च हूं." दाबलं. हिरवं झालं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. ८
कुलकर्णी बाई दारात. सत्तरीच्या, रिक्षा करून आल्या. "फोन मेला तो मेलाच, आणि शेजारणीच्या मोबाइलवर तुमचा निरोप काय तर दुरुस्त झाला! लेक दुबईहून रोज फोन करते. तिला वाटत असेल मीच गेले."
शेखभाईला धरलं. खांबापर्यंत गेला, शिडी नव्हती म्हणून माघारी.
"बटन दाबायला शिडी लागत नाय, व्हय?"
"आपा, दबाया तो तुमनेच."
खरं हाय. लई लागलं.
दुपारी शिडी देऊन त्याला पाठवला. चारला बाईंचाच फोन आला.

ता. ११, सोमवार
ठरलं. गिऱ्हाईक व्हय म्हणल्याबिगर बटन दाबणार नाय. आज सात लाल. मॅडम म्हणल्या, "सगळ्या शहरात तुमचीच खिडकी लाल, मावशी."
म्हणलं, "हिरवं करायला एक बोट लागतं. करू? उद्या ती माणसं तुमच्या केबिनला पाठवते."


ता. १३
माझ्या लालपायी लाइनमनचे पण मार्क कापले. चहाला कुणी हाक मारली नाय. एकटीनं पिला. त्यांच्यासाठी थांबून थंड झालता, तसाच.

ता. १५
लाल का, ते मॅडमनी लेखी मागितलं. अर्धं पान लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: ज्या घरातून व्हय आलं नाय, ते काम झालं असं मी म्हणणार नाय. चुका असतील. सुनेला दाखवलंच नाय.

ता. १९
कागद मोठ्या साहेबांकडं गेला. सोमवारी मला बोलावलंय, खिडकीचं तेव्हाच ठरणार. मॅडम जाता जाता म्हणल्या, "तिथं असंच बोला, पण जरा हळू." हळू जमंल का, माहीत नाय.
पाचला शेखभाईचा फोन, सिडकोतल्या खांबावरनं. "आपा, चार घंटे होते अब. दबाओ नक्को. घर में से किसी ने हां नहीं बोला अभी."
लाल होऊ दिलं.